गिटारची तार दर मार्चमध्ये का झणझणते? निदानाचा क्रम आणि दुरुस्ती

माझ्या अकूस्टिक गिटारची सहावी तार सलग तीन वर्षे मार्च महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झणझणू लागली आणि तिन्ही वर्षे मी तिच्यावर वेगवेगळा उपाय केला. पहिल्या वर्षी नव्या तारा चढवल्या. झणझण थांबली नाही, परंतु जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ती आपोआप गेली आणि नव्या तारा ‘बसायला’ तेवढा वेळ लागला असावा, अशी मी स्वतःची समजूत काढली. दुसऱ्या वर्षी गिटार एका दुकानात दिली असता तेथील कारागिराने काहीही न मोजता ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) आतला गज, ढिला करून दिला. तिसऱ्या वर्षी सॅडलखाली, म्हणजे पेटीच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली, आणखी एक पट्टी सारून मी स्वतःच तारा उंच केल्या. शेवटच्या दोन्ही उपायांनी आवाज त्याच दिवशी थांबला, आणि दोन्ही वेळा ऑगस्ट उजाडेपर्यंत तारा इतक्या वर गेल्या की एफचा बार कॉर्ड (तर्जनीने सर्व तारा एकदम दाबून वाजवायचा सूरसमूह) धरताना तर्जनी दुखून येई. मग उलटी दुरुस्ती, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तीच झणझण.

या फेऱ्यातून बाहेर पडण्यासाठी मला जे समजून घ्यावे लागले, त्यातील मुख्य गोष्ट ही, की चुकीच्या जागी केलेली दुरुस्तीसुद्धा झणझण थांबवते. तारा पुरेशा उंच केल्या की दोष नटमध्ये (नेकच्या खुंट्यांकडील टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) असो, नेकमध्ये असो वा एखाद्या उचललेल्या फ्रेटमध्ये (नेकवरची धातूची आडवी पट्टी) असो, आवाज बंद होतोच. मात्र दोष जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावर दुसरा दोष चढतो. म्हणून आवाज थांबला म्हणजे निदान बरोबर होते, असे मानता येत नाही. निदान आधी स्वतंत्रपणे करावे लागते आणि ते मोजमापाशिवाय होत नाही.

तार झणझणण्याचे यांत्रिक कारण तसे सरळ आहे. छेडलेली तार झुलते, आणि त्या झोक्याला लागणारी जागा पुढच्या एखाद्या फ्रेटच्या डोक्यावर उरली नाही, की तार त्या धातूवर आपटते. सहावी तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि पहिली सुमारे ३३० वेळा. जाड, संथ तारेचा झोका मोठा असतो, त्यामुळे तक्रार बहुतेक वेळा सहाव्या किंवा पाचव्या तारेपासून सुरू होते. याच कारणाने एक मर्यादाही मान्य करावी लागते. फिरोदिया करंडकाच्या (पुण्यातील महाविद्यालयीन स्पर्धेच्या) तालमीत ढोलकीवर मात करण्यासाठी जो हात चालतो, त्या जोराने वाजवल्यास उत्तम सेटअप केलेली गिटारही थोडी झणझणेल, आणि ती दुरुस्त करण्यासारखी गोष्ट नाही. नेहमीच्या जोराने, एकेक तार सुटी छेडून जे ऐकू येते तेच तपासायचे.

आवाज तारेचाच आहे का?

गिटार उघडण्यापूर्वी, किंवा अधिक अचूक सांगायचे तर ट्रस रॉडची चावी हातात घेण्यापूर्वी, आवाज तारेचाच आहे याची खात्री करावी. हा सल्ला किरकोळ वाटतो, परंतु एकदा दोन दिवस मी ज्या खरखरीचा पिच्छा पुरवला ती शोकेसच्या काचेची निघाली. ठरावीक सूर लागला की काच चौकटीत थरथरत होती. त्यामुळे पहिली चाचणी दुसऱ्या खोलीत, शक्यतो स्वयंपाकघरापासून दूर बसून घ्यावी, कारण भांड्यांच्या मांडणीतील एखादे सैल झाकणही हाच खेळ करते.

त्यानंतर गिटारच्या अंगावरच्या सैल गोष्टी पाहाव्यात. ट्युनिंगच्या खुंट्यांभोवतीच्या चकत्या आणि षटकोनी नट कालांतराने सैल होतात आणि त्यांची खुळखुळ नेमकी तारेसारखी ऐकू येते; खुंटी बोटाने घट्ट धरून तोच सूर पुन्हा वाजवला आणि आवाज गेला, तर दोष तेथेच आहे. खुंटीतून बाहेर राहिलेले तारेचे लांब टोक शेजारच्या टोकाला लागत असेल तर ते कापून टाकावे. पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे साधन) असलेल्या गिटारमध्ये आतली वायर पेटीच्या वरच्या फळीला टेकते किंवा बॅटरी तिच्या डबीत हलते. ब्रिजच्या (पेटीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) पिनखाली तारेचा मणी नीट अडकलेला नसेल तर आत हात घालून तो वर ओढून बसवावा लागतो. हे सगळे ठीक असूनही कोणत्याही तारेवर, पण विशिष्ट सुरालाच खरखर येत असेल, तर फळीच्या आतील एखादी आधारपट्टी सुटली असण्याची शक्यता असते. बोटाच्या पेराने फळीवर जागोजागी हलके ठोकत गेल्यास सुटलेल्या पट्टीवरचा आवाज पोकळ आणि फुटका येतो. ती पट्टी चिकटवण्याचे काम मात्र अनुभवी कारागिराकडेच द्यावे.

बोटाची जागाही येथेच तपासून घ्यावी. बोट फ्रेटच्या अगदी मागे, त्याला लागून न दाबता दोन फ्रेटच्या मधोमध किंवा त्याहून मागे दाबले, तर कोणतीही गिटार झणझणते. नवशिक्यांच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी येथेच मिटतात आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कॅपोलाही (सर्व तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्यालाही) हाच नियम लागू पडतो.

झणझण कुठे होते, यावरून दोष कुठे आहे

आता प्रत्येक तार मोकळी आणि मग पहिल्या फ्रेटपासून वरपर्यंत एकेक फ्रेट दाबून सावकाश वाजवावी, आणि कोठे झणझण येते ते कागदावर टिपावे. सहा तारा आणि चौदा-पंधरा फ्रेट, म्हणजे शंभरेक नोंदी होतात. अर्धा तास जातो, परंतु पुढचे सर्व निर्णय या कागदावरून होतात, म्हणून तो वाचवू नये.

फक्त मोकळी तार झणझणत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच आवाज स्वच्छ होत असेल, तर संशय नटच्या खाचेवर जातो. पहिल्या ते साधारण पाचव्या फ्रेटपर्यंत सर्वत्र झणझण असेल आणि वर नसेल, तर नेक गरजेपेक्षा सरळ झालेली किंवा मागे झुकलेली असते. बाराव्या फ्रेटच्या आसपास आणि त्यावर झणझण असेल, तर सॅडल खाली गेलेली असते, नेकमध्ये बाक जास्त असतो किंवा जेथे नेक पेटीला मिळते तेथे फ्रेटबोर्डला उंचवटा आलेला असतो. सर्व तारा सर्वत्र थोड्याथोड्या झणझणत असतील, तर तारांची एकूण उंचीच कमी झालेली असते. मार्चमधील तक्रार बहुधा या प्रकारची असते.

एकाच ठिकाणची झणझण वाचताना थोडा तर्क लागतो. समजा, पाचवी तार तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फ्रेटवर झणझणते, पण सहाव्यावर आणि त्यापुढे स्वच्छ वाजते. अशा वेळी अपराधी सहावा फ्रेट असतो. तो शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे, म्हणून त्याच्या मागे दाबलेली तार त्याच्यावर आपटते. त्याच्यावरच दाबली की तो अडथळा राहत नाही. उलट केवळ दुसऱ्याच फ्रेटवर झणझण असेल आणि पहिला व तिसरा स्वच्छ असतील, तर दुसऱ्या फ्रेटला तारेखाली खळगा पडला असण्याची शक्यता अधिक. फ्रेट तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात. पोलादी तारांपुढे ते मऊ पडतात, आणि सी व जी कॉर्ड वर्षानुवर्षे जेथे धरले जातात तेथे त्यांना डोळ्यांना दिसणाऱ्या खाचा पडतात.

उंच फ्रेटचा पडताळा घेण्यासाठी तीन फ्रेटवर टेकेल एवढी सरळ कडा लागते. स्टीलच्या पट्टीचा तुकडा किंवा जुन्या एटीएम कार्डाची बाजू चालते. ती तीन फ्रेटवर उभी ठेवून टोकांवर आळीपाळीने दाबावे. मधला फ्रेट उंच असेल तर कडा टकटक अशी डुलते. त्या फ्रेटच्या टोकावर लाकडी काडीने दाबले असता तो खाली जातो आणि दाबून धरलेला असताना झणझण थांबते, तर फ्रेट नुसता सुटलेला आहे. तो पातळ फेविक्विकने जागेवर बसवून घेता येतो. खरोखरच उंच असलेला फ्रेट घासणे हे वेगळे कौशल्य आहे. एक घासला की त्याचा परिणाम शेजारच्या दोघांवर होतो, आणि घासलेला धातू परत येत नाही. मी स्वतः ते करत नाही.

मोजमाप: तीन कार्डे आणि दोन कागद

बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे ॲक्शन. पोलादी तारांच्या गिटारवर सहाव्या तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि पहिलीखाली सुमारे १.८ ते २ मिमी ही सर्वसाधारण, बहुतेकांना मानवणारी उंची होय. ती मिलिमीटरच्या पट्टीने नजरेने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. त्यापेक्षा एटीएम कार्ड अधिक विश्वासू, कारण बँकेच्या कार्डांची जाडी आंतरराष्ट्रीय मानकानुसार ०.७६ मिमी असते. अक्षरे उठावदार नसलेली तीन कार्डे एकावर एक ठेवली की २.२८ मिमी होतात. गिटार सुरात लावून ती बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली सरकवावीत; तार न उचलता ती जेमतेम जात असतील तर ॲक्शन ठीक आहे, आणि तिसरे कार्ड तारेला वर ढकलत असेल तर ती खाली गेली आहे. पहिल्या तारेखाली दोन कार्डे मोकळेपणाने गेली पाहिजेत.

नेकमधला बाक याहून सूक्ष्म असतो. तारांच्या ताणाने नेक किंचित पुढे वाकलेली असावी लागते, कारण झुलणारी तार मधोमध सर्वाधिक जागा घेते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून, जेथे नेक पेटीला मिळते तो फ्रेट, म्हणजे बहुतेक गिटारवर चौदावा, दुसऱ्या हाताने दाबावा. तार मग सरळ पट्टीचे काम करते. सातव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेत त्या वेळी सुमारे ०.२ मिमी फट असावी. छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, तेव्हा कागदाची एक घडी तेथे अलगद सरकली की बाक योग्य आहे. कागदावर विश्वास नसेल, तर पुण्यात नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्यांचा संच) मिळतो. मेकॅनिक टॅपेटची फट ज्याने मोजतात तेच हे साधन, आणि त्याचे ०.२० मिमीचे पाते गिटारच्या नेकला जणू बेतून केल्यासारखे लागू पडते.

तिसरे माप नटचे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली पाहावे. केसाएवढी फट दिसली पाहिजे, आणि त्या जागी तारेवर बोट टेकवले असता टिक असा बारीक आवाज आला पाहिजे. तार फ्रेटवर टेकलेलीच असेल तर खाच प्रमाणाबाहेर खोल गेली आहे.

प्रत्यक्ष दुरुस्ती

नटची खाच खोल असल्यास तात्पुरता उपाय म्हणून खाचेत कागदाचा बारीक तुकडा घालून तार वर बसवावी. मोकळ्या तारेची झणझण त्याने थांबली, तर निदान पक्के झाले. कायमचा इलाज म्हणजे नवा हाडाचा नट, पण एका खाचेसाठी तेवढा खर्च नको असेल तर खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून त्यावर फेविक्विकचा एक थेंब सोडावा. मिश्रण तत्काळ दगडासारखे घट्ट होते आणि मग बारीक कानशीने हवी तेवढी खाच पुन्हा पाडता येते. आजूबाजूच्या फ्रेटबोर्डवर आधी चिकटपट्टी लावून घ्यावी, खिडकी उघडी ठेवावी, आणि खाच पाडताना तिचा उतार खुंट्यांच्या दिशेने ठेवावा, जेणेकरून तार फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवरच टेकेल.

हा उताराचा मुद्दा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यातून एक असा आवाज निर्माण होतो ज्याला मराठी कान लगेच ओळखतो. खाच सपाट असली किंवा उतार उलटा असला, तर तार एका बिंदूवरून सुटत नाही. ती थोड्या पृष्ठभागावर घासत राहते आणि मोकळी तार चक्क सतारीसारखी वाजते. तानपुऱ्याच्या घोडीवर कारागीर हेच मुद्दाम घडवतात आणि त्याला जवारी म्हणतात. सपाट घोडी आणि तारेखालच्या सुताची जागा यांचा मेळ जमवण्यात कारागिराचे सारे कौशल्य पणाला लागते. मिरजेच्या ज्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांची ओळखही या आवाजातच आहे. गिटारला मात्र ती जवारी नको असते. सॅडलचा माथा झिजून सपाट झाला तरी तीच जवारी लागते, फक्त ती मोकळ्या तारेपुरती राहत नाही, दाबलेल्या सुरांतही ऐकू येते. झणझण धातूवर आपटल्यासारखी कोरडी आहे, की सुरात मिसळलेली आणि लांबत जाणारी आहे, हा फरक कानाने टिपता आला तर निम्मे निदान तेथेच होते. सपाट माथा बारीक पॉलिश पेपरने पुन्हा गोलसर केला की पुरते.

ट्रस रॉडविषयी भीती आणि अतिआत्मविश्वास दोन्ही अनाठायी आहेत. तो नेकच्या आत बसवलेला पोलादी गज असतो आणि त्याचे काम फक्त बाक कमी-जास्त करणे हे आहे. ॲक्शन वाढवणे वा घटवणे हे त्याचे काम नव्हे, ते सॅडलचे आहे. वर सांगितलेल्या चाचणीत सातव्या फ्रेटवर फट अजिबात दिसली नाही, तरच रॉड ढिला करावा. चावीच्या बाजूने, रॉडच्या टोकाकडे तोंड करून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर तो आवळतो आणि नेक सरळ होते. उलट दिशेने फिरवल्यावर बाक वाढतो. एका वेळी एकअष्टमांश, फार तर पाव फेरा द्यावा, गिटार पुन्हा सुरात लावावी, आणि शक्य असल्यास रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मोजावे, कारण लाकूड सावकाश स्थिरावते. ॲलन की नेमक्या मापाची असावी. ४ आणि ५ मिमीच्या चाव्या नेहमी लागतात व रविवार पेठेत बोहरी आळीत सुट्या मिळतात, परंतु ढिली बसणारी चावी रॉडचे तोंड एकदाच आणि कायमचे गोल करते. रॉड सहज फिरत नसेल तर जोर लावू नये. काही जुन्या स्वस्त गिटारमध्ये फिरवता येण्याजोगा रॉड नसतोच, हेही आधी पाहून घ्यावे.

तारा बदलल्यानंतर झणझण सुरू झाली असेल, तर तारांचा सेट तपासावा. ०.०१२ इंचापासून सुरू होणाऱ्या सेटचा एकूण ताण ७० किलोंच्या वर जातो, तर ०.०१० च्या सेटचा ६० किलोंच्या आसपास राहतो. बोटांना सोपे जाते म्हणून पातळ सेट चढवला की नेकवरचा ओढ कमी होतो, ती सरळ होते, आणि पातळ तारा त्याच जोराने छेडल्यावर अधिक झुलतात. गायकाच्या सोयीसाठी सर्व तारा अर्ध्या सुराने उतरवल्या तरी हेच घडते. येथे रॉड पाव फेरा ढिला करणे हा योग्य उपाय ठरतो.

सॅडलचे गणित सोपे आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल १ मिमी वर गेली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिमी वर जाते. एटीएम कार्डाची सॅडलच्या रुंदीएवढी पट्टी कापून खाली ठेवल्यास ॲक्शन जवळपास ०.४ मिमी वाढते. पट्टी सॅडलच्या पूर्ण लांबीची असावी, नाहीतर काही तारांचा आवाज दबतो. सॅडलखाली पिकअप असेल तर हा परिणाम अधिक जाणवतो. मऊ प्लास्टिकपेक्षा हाडाची किंवा कठीण लाकडाची पट्टी चांगली, पण चाचणीपुरते कार्ड पुरते.

मग मार्चचे काय?

वरील सर्व तपासण्या मी माझ्या गिटारवर केल्या तेव्हा नट ठीक होता, एकही फ्रेट उंच नव्हता, बाकही हवा तेवढाच होता, आणि तरीही सहाव्या तारेखाली तिसरे कार्ड जात नव्हते. ऑगस्टमध्ये त्याच जागी चौथे कार्डही सरकत होते. म्हणजे नेक आपल्या जागी राहून ब्रिज वर-खाली होत होता, आणि ब्रिज ज्या फळीवर चिकटवलेला आहे ती जेमतेम तीनेक मिलिमीटर जाडीची असते.

पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या आसपास घुटमळते. गिटारचे उत्पादक साधारणपणे ४५ ते ५५ टक्क्यांची शिफारस करतात, म्हणजे वर्षातील पुष्कळसा काळ आपले वाद्य एका किंवा दुसऱ्या टोकाला असते. लाकूड ओल शोषून रेषांना आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. फळीच्या कडा पेटीला चिकटवलेल्या असल्याने फुगलेल्या लाकडाला बाजूला सरकायला वाव नसतो. ते वर उचलते, सोबत ब्रिज आणि सॅडल उचलते, आणि तारा उंच होतात. कोरड्या हवेत ती फळी सपाट होते, प्रसंगी आत बसते, आणि तारा फ्रेटवर उतरतात. अखंड लाकडाच्या फळीत हा फरक प्लायच्या फळीपेक्षा स्पष्ट दिसतो, त्यामुळे महागड्या गिटारच्या मालकाला ही तक्रार अधिक भेडसावते, हा थोडा अन्यायच म्हणायचा.

कोरडेपणाची दुसरी खूण हाताला लागते. फ्रेटबोर्ड रुंदीला आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके बोचतात. झणझण आणि बोचणारी टोके एकत्र आली, तर पॉलिश पेपर वा चावी शोधण्याआधी गिटारला ओलावा द्यावा. ब्रिजपुढची फळी खाली गेलेली दिसते का, हेही स्टीलची पट्टी साउंडहोल आणि ब्रिज यांच्या मध्ये आडवी ठेवून पाहता येते. मध्ये प्रकाश दिसला तर फळी बसली आहे. अशा फळीला तडा जाण्यास फार वेळ लागत नाही.

ओलाव्यासाठी मी साबणाची प्लास्टिकची डबी वापरतो. झाकणाला डझनभर भोके पाडून आत भिजवून पूर्ण पिळलेला स्पंज ठेवतो आणि डबी गिटारच्या बंद केसमध्ये, नेकच्या टोकाशी ठेवतो. स्पंजमधून पाणी गळता कामा नये. सोबत एक छोटा आर्द्रतामापक असावा. त्याचा आकडा ४५ च्या वर गेला की डबी काढायची. भिंतीवर टांगलेल्या किंवा स्टँडवर उभ्या गिटारला या डबीचा काहीही उपयोग नाही, आणि फेब्रुवारी ते मे या काळात गिटार केसबाहेर राहता कामा नये, हे मी आता नियमासारखे पाळतो. एसीच्या खोलीत हवा आणखी कोरडी होते. कूलर उलट ओलावा वाढवतो, पण त्याच्या थेट झोतात वाद्य ठेवणे हे दुसरे टोक झाले. फळी खाली बसलेली असेल तर ती वर यायला आठ-दहा दिवस, कधी अधिक लागतात. त्या काळात गिटारला दुसरी कोणतीही दुरुस्ती करू नये, कारण मोजमाप रोज बदलत असते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये ठेवता येतात, मात्र तेव्हाही मापकाकडे लक्ष असावे, नाहीतर ऐन पावसात गिटार कोरडी पडते.

एवढे करूनही ऋतूंमधला फरक पूर्ण जात नाही, कारण गिटार वाजवायची तर ती केसबाहेर येणारच. म्हणून मी दोन सॅडल ठेवल्या आहेत. हाडाच्या दोन कोऱ्या पट्ट्या घेऊन एक उन्हाळ्याच्या मापाची केली आणि दुसरी पावसाळ्याच्या, दोन्हींच्या उंचीत एका कार्डाहून थोडा कमी फरक आहे. पट्टीच्या तळाचा भागच घासायचा, माथ्याला हात लावायचा नाही, आणि तळ काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासला म्हणजे सपाट राहतो. प्रत्येकीच्या तळाशी पेन्सिलीने ‘उ’ आणि ‘पा’ लिहून ठेवले आहे, कारण पहिल्याच वर्षी मी त्यांची अदलाबदल केली होती. तारा बदलायची वेळ तशीही येतेच. ती होळीच्या सुमारास आणि पहिला पाऊस स्थिरावल्यानंतर, म्हणजे जूनच्या अखेरीस, अशी ठरवून घेतली की सॅडल बदलण्यास वेगळा वेळ लागत नाही. ट्रस रॉडला गेल्या दोन वर्षांत हात लागलेला नाही.

गिटार कारागिराकडे नेण्याची वेळ आलीच, तर झणझणीच्या नोंदींचा तो कागद आणि तिन्ही मापे सोबत न्यावीत, माप घेतल्याचा महिनाही त्यावर लिहावा, आणि ‘आवाज घालवा’ एवढेच न सांगता ‘सहावा फ्रेट उंच आहे, तो पाहा’ असे सांगावे. आदल्या रात्री केसमधली आर्द्रता किती होती हे विचारणारा कारागीर भेटला, तर गिटार त्याच्याकडे निर्धास्तपणे ठेवून यावी.